चार दिवस बेटावर जाण्याबाबत

आमच्या कार्यालयात येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या टेबलावर येतो. मी त्यावर तारखेचा शिक्का मारतो, नोंदवहीत क्रमांक लिहितो आणि मग त्याला पुढे सोडतो. शिक्का पडेपर्यंत तो कागद आला असं धरत नाहीत. माणूस समोर उभा असो, कागद त्याच्या हातात असो, त्यावर त्याचे अश्रू पडलेले असोत. शिक्का नाही म्हणजे कागद आलेला नाही. या कामाला आवक म्हणतात. ते मी एकोणीस वर्षं करतो आहे आणि एकोणीस वर्षांत एक दिवसही रजा घेतलेली नाही. आजारी पडायचो तेही रविवारी.

आमचं कार्यालय नेमकं काय करतं, असं बाहेरचे लोक अधूनमधून विचारतात. आत तशी पद्धत नाही.

माझी बायको सहावीच्या वर्गाला भूगोल शिकवते. चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या जमिनीच्या भागाला बेट म्हणतात, हे वाक्य तिने सतरा वर्षं फळ्यावर लिहिलं आहे. कुणाची तक्रार नव्हती. एके दिवशी दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही पाहिलंय का बेट?" बायको खोटं बोलत नाही, हा तिच्यातला एक दोष आहे. ती नाही म्हणाली. मुलगी 'बरं' म्हणून खाली बसली.

"'बरं' म्हणाली हो ती मला," त्या दिवशी जेवताना बायको म्हणाली. "समजूत काढल्यासारखं."

मी जेवत राहिलो. दोन दिवसांनी तिने माझ्या ताटाशेजारी एक छापील कागद ठेवला. त्यावर एका चिमुकल्या बेटाचं चित्र होतं. पांढरी वाळू, नारळाची झाडं, व्हरांडा असलेली एक खोली. सबंध बेट चाळीस मिनिटांत पायी फिरून होतं, असं खाली लिहिलं होतं. बोट सोमवारी पहाटे निघते आणि गुरुवारी संध्याकाळी परत आणते. परीक्षेनंतर बायकोच्या शाळेला जी सुट्टी होती, त्याच आठवड्यात बोटीची हंगामातली शेवटची फेरी होती. त्यानंतर समुद्र खवळतो आणि पाच महिने बोट बंद. अजून पाच आठवडे हातात होते.

"तूच जाऊन ये ना," मी म्हटलं.

"एकटी बेट बघून काय करू? बघितलंत का, असं म्हणायला शेजारी कुणी नको?"

"बरं, अर्ज करतो," मी म्हणालो.

"अर्ज कशाला? उद्या जाऊन सांगा की."

शिक्षक लोकांना प्रशासन कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. विषय : चार दिवस बेटावर जाण्याबाबत. घडी घातली, आणि तेव्हा अडचण लक्षात आली. आमच्याकडे एक परिपत्रक आहे. कोणत्याही कर्मचाऱ्याने स्वतःचा कागद स्वतः आवक करू नये, असं ते सांगतं. नियम उत्तम आहे. नाहीतर उद्या कुणीही उठेल आणि स्वतःला शिक्के मारत सुटेल. पण कार्यालयात कागद आवक करणारा मी एकटाच, त्यामुळे हा नियम लागू पडेल असा माणूसही मी एकटाच होतो.

मी खुर्चीतून उठलो, टेबलाला वळसा घालून लोकांच्या बाजूला गेलो आणि अर्ज हातात धरून उभा राहिलो. समोरची खुर्ची रिकामी होती. टेबलावर पाटी आहे : 'कर्मचारी जागेवर नसल्यास थांबावे. गोंगाट करू नये.' मी थांबलो. थोड्या वेळाने माझ्या मागे चौघांची रांग लागली.

"आतले गेलेत कुठे?" मागच्या माणसाने विचारलं.

"बाहेर आहेत."

"येतील कधी?"

"सांगता येत नाही. त्यांचंही काहीतरी काम निघालंय."

"असेच असतात हे लोक," तो म्हणाला. मी मान हलवली. त्या बाजूला उभं राहिलं की खरोखरच तसं वाटतं.

पस्तीस मिनिटांनी आमचा शिपाई चहा घेऊन आला. "कोणाची वाट बघताय?" त्याने विचारलं.

"लिपिकाची."

"ते तर तुम्हीच ना?"

"आत्ता मी अर्जदार आहे."

शिपायाने क्षणभर विचार केला आणि चहाचा कप रिकाम्या खुर्चीपुढे ठेवून तो निघून गेला. मला तो पिता आला नाही.

मग मी अधीक्षकांकडे गेलो. अधीक्षक सावध गृहस्थ. सगळी टिपणं पेन्सिलीने लिहितात. पुढेमागे कुणी विचारलंच तर खोडरबर हाताशी असतं. म्हणून त्यांच्या माघारी सगळे त्यांना पेन्सिल म्हणतात. त्यांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं.

"सोपं आहे," ते म्हणाले. "तुमच्या जागी चार दिवस दुसरा माणूस देतो. तो तुमचा अर्ज आवक करील. मिटलं."

"माणूस कधी देता?"

"रजा मंजूर झाली की लगेच."

"आणि रजा कधी मंजूर होईल?"

"अर्ज आवक झाला की लगेच."

वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, अशातली गत. "आजवर कुणाला ही अडचण आली नव्हती," अधीक्षक म्हणाले.

"आजवर मीच होतो."

त्यांनी कागदावर 'प्रकरण गुंतागुंतीचे' असं लिहिलं, एकदा वाचलं आणि खोडलं.

मग मी अर्ज टपालाने पाठवला. टपालाने आलेला कागद परका असतो, असा माझा हिशेब होता. तिसऱ्या दिवशी पाकीट टेबलावर आलं आणि मी ते अक्षरावरून लांबूनच ओळखलं. डोळेझाक करता आली असती. बेट, वाळू, व्हरांडा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. पण एकोणीस वर्षांत मी कुणासाठी डोळेझाक केली नव्हती, ती स्वतःसाठी कशी करू? मी शेरा लिहिला : 'अर्जदार व स्वीकारणारा एकच असल्याने अर्ज परत. अर्जदाराने योग्य मार्गाने यावे.'

ते पाकीट घरी बायकोच्या हाती पडलं.

"अहो, तुमचं पत्र आलंय," मी चपला काढत होतो तोच ती म्हणाली. "तुम्हीच पाठवलंय. तुम्ही तुम्हाला नाही म्हटलंय."

"नियमाने म्हटलंय."

"आणि वर योग्य मार्गाने या म्हणून सुनावलंय. तो कोणता मार्ग?"

"ते सांगणं आवकच्या कामात येत नाही."

ती हसली नाही. तिने शाळेच्या वहीतलं एक पान फाडलं आणि उभ्याउभ्याच लिहायला घेतलं. 'माझे पती आपल्या कार्यालयात आहेत. ते मला चार दिवसांसाठी हवे आहेत. गुरुवारी संध्याकाळी आणून पोचवीन.' खाली सही. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना ती स्वतः आली आणि रांगेत उभी राहून तो कागद तिने माझ्यापुढे ठेवला. बाहेरच्या व्यक्तीचा कागद, त्यामुळे नियमाची हरकत नव्हती. मी आनंदाने शिक्का मारला. पोच दिली. तिने पोच नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे मला दोन दिवसांनी कळलं.

त्याचं असं आहे. आमच्याकडे येणाऱ्या कागदांचे बेचाळीस प्रकार ठरलेले आहेत आणि प्रत्येक कागद त्यांपैकी एकात बसवावाच लागतो. नवरा मागण्याचा प्रकार त्यात नव्हता. अधीक्षकांनी यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. शेवटी सर्वांत जवळचा प्रकार निघाला तो सत्ताविसावा : कार्यालयातील वस्तू तात्पुरत्या वापरासाठी बाहेर देणे. खुर्च्या, टेबलं, शिडी वगैरे बाहेर देतात ती याच प्रकारात. त्यामुळे बायकोचा कागद भांडारात गेला आणि गळ्यात मोजपट्टी अडकवलेले आमचे भांडारपाल माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"उठा," ते म्हणाले.

मी उठलो. त्यांनी माझी उंची घेतली, रुंदी घेतली. मग माझ्याभोवती एक फेरी मारली. "क्रमांक कुठाय?"

"कसला क्रमांक?"

"प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगाने घातलेला असतो. खुर्चीच्या खालच्या बाजूला असतो."

"माझ्या खालच्या बाजूला नाही."

"बघावं लागेल."

ते मी बघू दिलं नाही. अखेर माझ्या ओळखपत्राच्या मागे पांढऱ्या रंगाने क्रमांक घालण्यावर तडजोड झाली. माझ्या आधीचा क्रमांक शिडीचा आणि नंतरचा भिंतीवरच्या पंख्याचा आहे. नोंद अशी झाली : 'लिपिक, एक. स्थिती चालू. पाठीत किंचित वाक.'

"आता द्यायला हरकत नाही ना?" मी विचारलं.

"हरकत आहे." भांडारपालांनी मोजपट्टी गुंडाळली. "मागे एक लोखंडी कपाट किनाऱ्यावरच्या कचेरीला दिलं होतं. परत आलं ते गंजून. अजून दार उघडत नाही."

"मी गंजणार नाही हो."

"जाताना कपाटही धडधाकटच होतं."

त्यांनी शेरा लिहिला की समुद्रावरच्या खाऱ्या हवेचा कार्यालयीन वस्तूंवर काय परिणाम होतो हे अज्ञात आहे, सबब बेटाची पाहणी झाल्याखेरीज वस्तू देऊ नये.

तोपर्यंत माझं प्रकरण गोगलगायीच्या पावलांनी चाललं होतं. 'पाहणी' हा शब्द त्यात पडला आणि ते धावायला लागलं. सकाळी शेरा लिहिला गेला आणि दुपारी मला साहेबांचं बोलावणं आलं. एकोणीस वर्षांत साहेबांच्या खोलीत बसायची ही माझी पहिलीच वेळ. त्यांच्यापुढे ते बेटाचं चित्र होतं. बायकोने ते अर्जाला जोडलं होतं.

"बेट लहान आहे का?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब. चाळीस मिनिटांत फिरून होतं."

"मग नीट पाहायचं म्हणजे चार दिवस लागणार."

समितीचा आदेश संध्याकाळच्या आत निघाला. अध्यक्ष साहेब. नोंदी घ्यायला अधीक्षक, मापं घ्यायला भांडारपाल. अहवाल जागेवरच टंकलिखित व्हावा म्हणून टंकलेखक, आणि तो आजारी पडल्यास पंचाईत नको म्हणून दुसरा टंकलेखक. खाऱ्या हवेचा प्रयोग करण्यासाठी नमुन्याची एक खुर्ची, आणि ती उचलायला शिपाई. बेटावर रस्ता नाही, वाहनही नाही. त्याची खात्री करायला वाहनचालक. उरलेल्यांनाही अशाच रास्त कारणांनी घेतलं गेलं आणि समिती अकरा जणांची झाली. बारावं माणूस बाहेरचं, बेट या विषयातलं जाणकार असावं, असं ठरलं.

"तुमच्या मिसेस शिकवतात ना हे?" साहेब म्हणाले.

"शिकवतात. आणि मी, साहेब?"

"तुम्ही कसे येणार? तुम्हाला पाठवावं की नाही यासाठीच तर पाहणी आहे. अहवाल अनुकूल आला की खुशाल जा."

"तोवर बोट बंद होईल."

"मग पुढच्या हंगामात जा. बेट काय पळून जातंय का? शिवाय," साहेब जरा पुढे वाकले, "अहवाल आला की तो आवक कोण करणार? तुमच्यावाचून पान हलत नाही इथलं."

हे वाक्य ऐकून मला बरं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही. चांगलंच बरं वाटलं.

नेमणुकीचं पत्र मीच घरी नेऊन दिलं. बायकोने ते दोनदा वाचलं.

"म्हणजे तुमच्या साहेबांबरोबर मी बेटावर जायचं, आणि तुम्ही इथे बसायचं?"

"तू पुढे जाऊन पाहणी करायचीस. माझीच सोय आहे ती."

"मी नाही जाणार."

आठवडाभर ती या विषयावर बोलली नाही. रविवारी मात्र तिने एकच पिशवी भरली आणि त्यात तिच्या कपड्यांवर माझे दोन सदरे ठेवले. "उद्या पहाटे नुसते बोटीत चढा," ती म्हणाली. "कोण उतरवतंय बघते मी."

धक्क्यावर सगळं कार्यालय जमलं होतं. साहेब अर्ध्या विजारीत आणि मोठ्या हॅटमध्ये होते. साहेबांना गुडघे आहेत हे मला तेव्हा कळलं. नमुन्याची खुर्ची बोटीच्या टोकाशी मांडली होती आणि प्रयोगाला सुरुवात म्हणून साहेब तिच्यावर बसले होते. बायकोने खिडकीजवळची जागा धरली आणि शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली.

"या," ती म्हणाली.

माझा एक पाय फळीवर होता. खोटं कशाला बोलू, दुसराही उचलला होता. तेवढ्यात साहेब खुर्चीवरून म्हणाले, "अहो, तुम्हाला उशीर नाही का होणार? आवक दहाला उघडते." ते रागाने बोलले नाहीत. काळजीने बोलले. मी पाय खाली ठेवला.

बायकोने पिशवी मांडीवर घेतली. "एक सांगा," ती म्हणाली. "हा तुमचा नियम लिहिलाय कुठे?"

"परिपत्रक आहे. पाठ आहे मला."

"पाठ आहे का नाही विचारलं मी. पाहिलंय का? काढलं कुणी ते?"

बोटीचा भोंगा वाजला. शिपायाने फळी ओढून घेतली. बोट लांब जाईपर्यंत सगळी समिती समुद्राकडे बघत होती, बायको तेवढी माझ्याकडे. मला फार वाईट वाटलं. कार्यालयात पोहोचेपर्यंत वाटत होतं.

जाताना साहेबांनी एक आदेश काढून ठेवला होता : समिती परतेपर्यंत सर्वांचा कार्यभार आवक लिपिकाकडे राहील. पहिला आला तो एक म्हातारा. साध्या एका दाखल्यासाठी तो दोन वर्षं खेटे घालत होता. एरवी त्याचा कागद माझ्याकडून अधीक्षकांकडे, तिथून टंकलेखकाकडे, मग साहेबांकडे आणि काहीतरी राहिलं म्हणून परत माझ्याकडे, असा फिरतो. आता सगळ्या खुर्च्या रिकाम्या. मी शिक्का मारला, अधीक्षकांच्या खुर्चीत बसून टिपण लिहिलं, टंकलेखकाच्या खुर्चीत बसून दाखला बडवला आणि साहेबांच्या खुर्चीत बसून सही केली. अकरा मिनिटं लागली. त्यातली चार चालण्यात गेली.

"उद्या येऊ ना?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नको आजोबा. झालं तुमचं काम."

"मग परवा येतो."

"यायचंच नाही आता. हा घ्या दाखला."

तो दाखल्याकडे बघत उभा राहिला. "साहेब, काही चुकलं का माझं?" त्याने घाबरून विचारलं. मी त्याला दारापर्यंत पोचवून आलो.

मंगळवारी दुपारपर्यंत तुंबलेलं सगळं काम संपलं. बुधवारी कुणीच आलं नाही, कारण कुणाचं काहीच राहिलं नव्हतं. मी पाटी पुसली, शिक्क्याची शाई बदलली आणि बसून राहिलो. तेव्हा मनात एक विचार आला. अकरा माणसं नसताना काम अकरा मिनिटांत होतं. मग आवकवरचा बारावा नसला तर? पुढचा विचार मी मुद्दाम केला नाही. काही प्रश्नांच्या बाबतीत झाकली मूठ सव्वा लाखाची असते.

गुरुवारी मी परिपत्रक शोधायला घेतलं. बायकोचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. तळाच्या फळीवर, जुन्या गठ्ठ्यात ते मिळालं. कागद पिवळा पडला होता. कोणत्याही कर्मचाऱ्याने स्वतःचा कागद स्वतः आवक करू नये. खाली तेव्हाच्या साहेबांची सही, आणि त्याखाली प्रस्ताव मांडणाऱ्याची. ती सही तरुण होती, वळणदार होती, आणि माझी होती.

मग आठवलं. नोकरीचा दुसरा आठवडा. तेव्हाचे साहेब मला 'अहो, ते हे' म्हणायचे. आपलं नाव त्यांच्या तोंडी यावं म्हणून रात्रंदिवस काहीतरी सुचायचं, त्यातलं एक मी लिहून दिलं. साहेब म्हणाले, "हुशार आहे हो हा." नाव शेवटपर्यंत त्यांच्या लक्षात राहिलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार तरी कुणाकडे करणार?

पण उपाय समोर होता. त्या दिवशी कार्यालयाचा साहेब मीच होतो. 'सदर परिपत्रक रद्द', एवढी एक ओळ पुरे होती. मी ती लिहिलीसुद्धा. सहीसाठी पेन टेकवलं. आणि मग माझ्या खुर्चीत चार दिवस बसलेला तो दुसरा माणूस, अधीक्षक देणार होते तो, मला डोळ्यांपुढे दिसला. त्याने शिक्का उचलला, कागदावर मारला, कागद पुढे सोडला. काहीही अडलं नाही. कुणी विचारलंही नाही की नेहमीचे कुठे गेले. खरं सांगतो, मला भीती वाटली. मी ती ओळ फाडून टाकली आणि परिपत्रक गठ्ठ्याच्या पार मागे, हात पोहोचणार नाही असं सारून दिलं.

संध्याकाळी बोट आली. बायको उन्हाने रापली होती आणि चालताना तिच्या चपलांतून वाळू सांडत होती. मी पिशवी घेतली. माझे दोन्ही सदरे घडीसकट तसेच होते.

"कसं आहे बेट?"

"छान आहे. अकरा वेळा फिरले मी त्याला. दर वेळी फिरून आलं की कुणाला तरी सांगावंसं वाटायचं. एकदा भांडारपालांना सांगितलं, तर त्यांनी लांबी विचारली." ती थोडा वेळ चालत राहिली. "सापडला का नियम?"

"शोधतोय."

"तुमचाच होता ना?"

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"बोटीत बसल्यावरच कळलं मला. इतकं मन लावून दुसरं कोण लिहील?" तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "पुढच्या हंगामाची खोली सांगून आलेय. एकीची. दुसरं कुणी येणार असेल तर आधी कळवा, म्हणाली घरमालकीण."

दुसऱ्या दिवशी साहेब दहाच्या ठोक्याला हजर होते. नाकाची सालं निघाली होती. त्यांनी मला आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, "काही अडलं?"

साहेबांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे हात टेबलाखाली होते.

"फार अडलं, साहेब," मी म्हणालो. "रांग फाटकाबाहेर गेली होती. लोक रडकुंडीला आले."

साहेब मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "वाटलंच मला. चार दिवस पाठ फिरवायची सोय नाही." मग अधीक्षक आले, भांडारपाल आले, दोन्ही टंकलेखक वेगवेगळे आले. प्रत्येकाने तेच विचारलं आणि प्रत्येकाला मी तेच सांगितलं. अधीक्षकांनी माझं उत्तर शाईने लिहून घेतलं.

दुपारी अहवाल आला. खाऱ्या हवेचा खुर्चीवर परिणाम आढळला नाही; तथापि खुर्चीवर सतत अध्यक्ष बसलेले असल्याने निष्कर्ष अंतिम मानता येत नाही; पुढील हंगामात आठ दिवसांची पाहणी आवश्यक. मी शिक्का मारला आणि क्रमांक घातला.

तुम्ही हसताय, ते मला दिसतंय. हसा की. तुम्ही तर रजा घेता, गावाला जाता, वाळूत पाय पसरून बसता. फक्त एक सांगा. मागच्या वेळी गेला होतात तेव्हा दुसऱ्याच दिवशी तिथून फोन लावलात, आणि काही अडलंय का, असं विचारलंत. पलीकडचा म्हणाला, छे हो, सगळं व्यवस्थित चाललंय, तुम्ही निवांत राहा.

ते ऐकून तुम्हाला बरं वाटलं का?